उमरठच्या वाटेवर सुई उलटी फिरली तेव्हा

माझी मैत्रीण शबाना मूळची महाडची, पुण्यात कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. पृथ्वीच्या चुंबकत्वाचा अभ्यास कसा सुरू झाला, यावर तिला वर्गासाठी व्हिडिओ करायचा होता. "आमच्याकडच्या डोंगरावर करू," म्हणाली, आणि ऑक्टोबरातल्या एका शनिवारी आम्ही निघालो. वरंध घाटाचा भरवसा नाही, म्हणून ताम्हिणी-माणगावमार्गे. लांब पडतं, पण रस्ता बरा.

रात्री महाडला तिच्या आईच्या हातची तांदळाची भाकरी आणि जवळ्याचं कालवण. सकाळी पोलादपूरला मिसळ खाऊन उमरठकडे वळलो. पुढे खायला काही मिळत नाही, पाणीही जवळ ठेवा. एका वाडीत गाडी लावून माळ चढलो.

मी व्हिडिओसाठी मोबाइल धरला आणि शबानानं चुंबकी दगडाचा गोळा काढला. "चारशे वर्षांपूर्वी एका इंग्रज डॉक्टरानं असाच गोळा घेऊन त्याच्याभोवती सुई फिरवून पाहिली. गोळ्यावर ती झुकते, तशीच जमिनीवरही झुकते. म्हणजे पृथ्वीच एक मोठं चुंबक!"

मग तिनं होकायंत्र एका काळ्या कातळावर ठेवलं. उत्तरेचं टोक गर्रकन दक्षिणेला! पाऊलभर बाजूला नेलं, सुई सरळ. परत ठेवलं, उलटी.

"वीज पडली असणार इथे!" शबाना ओरडली. "तिच्यानं दगड चुंबक होतो. वीज पडलेल्या जहाजांवर होकायंत्रं उलटायची, मी नुसतं वाचलं होतं गं!" आम्ही टाळ्याच वाजवल्या.

गवत कापणाऱ्या एक बाई जवळ आल्या. सुनंदाताई, वाडीतल्याच.

"इज पडलीच व्हती तिथं," त्या म्हणाल्या. "गेल्या साली. माझी जाव गुरं आणाया आलेली. तिथंच गेली गो."

मी कातळापासून मागे सरकले.

"तुमी टाळ्या कशाला वाजवल्या?"

आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच कळलं नव्हतं. शबाना "ताई, ही सुई..." म्हणाली आणि तिनं होकायंत्र कातळावरून उचलून घेतलं. तेवढ्यात महाबळेश्वरच्या बाजूनं गडगडलं. सुनंदाताईंनी भारा टाकला, आमची मनगटं धरली. "पळा गो! हितं थांबायचं नाय!"

त्यांच्या पडवीत पोचतो न पोचतो तोच वर माळावर कडाड्कन वीज कोसळली. कानठळ्या बसल्या. त्यांनी कोरा चहा दिला, तो आम्ही प्यायलो. त्या मात्र उघड्या दारातून माळाकडेच बघत होत्या.

आंबेनळी घाटानं महाबळेश्वर करून परतायचा बेत होता. तो सोडला, आल्या वाटेनं घरी आलो. शबानानं व्हिडिओ पुन्हा केला, घरच्या टेबलावर.

तिकडे जाणार असाल तर ऑक्टोबरात दुपारच्या आत माळ उतरा. तो कातळ नेमका कुठे, असं बऱ्याच जणांनी विचारलंय. ते मी सांगणार नाही.