खाकी कव्हरातली म्हैस

मी मराठी शाळेत शिकवते आणि माझा मुलगा इंग्रजी शाळेत शिकतो. यावर ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं, कारण मी बोलत असताना मध्येच कुणी खुदखुदलेलं मला चालत नाही. शाळेतल्या बाईपणाची सवय आहे, जाता जात नाही.

घर नाशकात, नवरा अंबडच्या कारखान्यात शिफ्टला, आणि माझी शाळा दिंडोरीच्या बाजूला द्राक्षबागांच्या मधोमध, जिल्हा परिषदेची. शाळेतल्या ग्रंथालयाची जबाबदारी माझ्याकडे आहे. ग्रंथालय म्हणजे ऑफिसातलं एक लोखंडी कपाट, ज्याचं दार उघडताना हेडसरांना खुर्ची सरकवावी लागते. खुर्ची सरकवणं सरांना आवडत नाही, म्हणून कपाट फक्त शनिवारी उघडतं.

पुस्तकांच्या बाबतीत मी फार सोवळी होते. जूनमध्ये नवी पुस्तकं आली की घरी आणायची, जमिनीवर खाकी कागदाचा रोल पसरायचा आणि एकेकाला कव्हर घालायचं. गोष्टीचं असो, कवितांचं असो, सगळ्यांना एकच गणवेश. वर लेबल, लेबलवर नंबर आणि पुस्तकाचं नाव, तेही माझ्या सुवाच्य अक्षरात. कोपरे असे चापूनचोपून बसवायचे की बघणाऱ्याने विचारावं, कुठल्या दुकानातून करून घेतलंत. हे सगळं करताना मला वाटायचं, मी वाचनसंस्कृती वाढवते आहे.

मुलाच्या पुस्तकांनाही तेच. ती हॉलमधल्या काचेच्या कपाटात. वाचायचं असेल तर आधी हात धुऊन ये, खाताना पुस्तक नको, लोळून नको, पान दुमडायचं नाही, पाय लागला तर नमस्कार कर. दसऱ्याला सगळी पुस्तकं पूजेला. त्या दिवशी पुस्तकाला हात लावायचा नसतो, म्हणून माझ्या मुलाचा तो वर्षातला सगळ्यात आवडता सण. एकदा काही कामाने मी त्याला म्हटलं, ते गोष्टींचं पुस्तक आण. तो कपाटापुढे बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "आई, यातलं गोष्टीचं कुठलं आणि गणिताचं कुठलं? सगळी पार्सलसारखीच दिसतात." मी त्याला लेबल वाचायला सांगितलं. मराठी लेबल वाचायला त्याला जेवढा वेळ लागला तेवढ्यात मी स्वतः उठून ते पुस्तक काढलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. आमच्याकडे तर दिव्याला पण खाकी कव्हर होतं.

शाळेत मात्र माझा दरारा होता. बारा वर्षांत एक पान फाटलं नाही. पोरं शनिवारी पुस्तक घेऊन जायची, घरी टीव्हीवर नाहीतर फळीवर ठेवायची आणि पुढच्या शनिवारी जसंच्या तसं आणून द्यायची. "वाचलं का?" "हो बाई." "काय शिकलात?" "खोटं बोलू नये." पुस्तक बेडकाचं असो नाहीतर बोटीचं, सगळ्यांचा बोध तोच, आणि तो सांगताना सगळे खोटं बोलत असायचे. मला हे कळत नव्हतं असं नाही. पण पुस्तक कोरं परत आलं की मला जे समाधान व्हायचं, त्यापुढे बाकीचं काही दिसायचं नाही. केंद्रप्रमुख साहेब तपासणीला आले तेव्हा त्यांनी कपाटात बघून शेरेबुकात लिहिलं, पुस्तके उत्तम स्थितीत. मी ते पान नवऱ्याला फोटो काढून पाठवलं. तो म्हणाला, "म्हणजे कुणी वाचत नाही वाटतं." दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही.

दिवाळीनंतर दरवर्षी पेठ-सुरगाण्याच्या डोंगरातून कुटुंबं बागांवर कामाला येतात. छाटणीपासून ते द्राक्षं उतरेपर्यंत राहतात आणि शिमग्याला परत जातात. त्यांची पोरं आमच्या शाळेत येतात, हातात हमी पत्रक घेऊन, म्हणजे गावच्या शाळेने दिलेलं कार्ड, की हे मूल अमक्या इयत्तेत आहे, त्याला बसवून घ्या. परवाच्या हंगामात, शिमग्याला महिनाभर उरला असताना, अशीच एक मुलगी उशिरा चौथीत आली. काटकुळी, शेंडीला लाल रिबीन, आणि बघायची अशी की तीच माझी तपासणी करायला आली आहे. वाचायची मात्र खडाखड.

पहिल्या शनिवारी मी तिला म्हशीच्या गोष्टीचं पुस्तक दिलं. पातळ, चित्रांचं. पुढच्या शनिवारी तिने आणलं नाही. म्हणाली, "आजून व्हायचंय बाई." त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. आता, ते पुस्तक सोळा पानांचं. मी म्हटलं, सोमवारी पुस्तक टेबलावर पाहिजे.

सोमवारी आलं. माझं खाकी कव्हर गायब. पानं जुन्या नोटांसारखी मऊ पडलेली. एका पानावर तेलाचा डाग, दुसऱ्यावर बागेतल्या औषधाचा निळा शिंतोडा, एक कोपरा शेळीने खाल्लेला, आणि सगळ्याला चुलीच्या धुराचा वास. म्हशीला कुणीतरी कोळशाने मिशा काढल्या होत्या.

"कव्हर कुठं आहे?"

"काढलं. त्याचेखाली म्हैस होती बाई. झाकली कशाला?"

वर्ग हसला. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर तो पुस्तकापेक्षा हसण्याचा जास्त आला. मी पुस्तक वर धरून सगळ्या वर्गाला दाखवलं. म्हटलं, पुस्तकाचे असे हाल करणाऱ्याला आपल्या शाळेत पुस्तक मिळत नाही. ती रडली नाही. खालीही बघितलं नाही. तिने एवढंच विचारलं, "मंग दुसरं कधी?"

"पुढच्या वर्षी," मी म्हटलं.

शिमगा आठ-दहा दिवसांवर होता. शिमग्यानंतर ती कुठे असणार होती हे मला माहीत होतं, आणि तिलाही. पुढच्या हंगामात तिचे आईबाप ह्याच बागेवर येतील की पार लासलगावकडे कांद्यावर जातील, हे तर त्यांनाही माहीत नव्हतं. तरी मी ते म्हटलं. बारा वर्षांच्या नोकरीत मी बऱ्याच पोरांना ओरडले आहे, फटकेही दिलेत. पण त्या दोन शब्दांची मला जेवढी लाज वाटते तेवढी कशाचीच वाटत नाही.

पुस्तक दुरुस्त करायला घरी आणलं. जेवणाच्या टेबलावर ठेवून मी चिकटपट्टी शोधायला आत गेले. बाहेर आले तर मुलगा एका हाताने शेवेची पिशवी धरून दुसऱ्या हाताने पानं उलटत होता. मी ओरडणार तेवढ्यात तो म्हणाला, "आई, हे कोणी वाचलंय?"

मी सांगितलं, आहे एक मुलगी. तो अक्षरं जुळवत जुळवत वाचत राहिला, अडला की चित्र बघायचा, मिशांपाशी येऊन हसला. तेवढ्यात माझंही लक्ष पानांच्या कडांकडे गेलं. प्रत्येक पानाखाली बारीक खुणा होत्या, काही पेन्सिलीच्या, काही कोळशाच्या, प्रत्येकाची वेगळी. कुणी कुठपर्यंत वाचलं त्याच्या त्या खुणा होत्या. मी मोजल्या तर सात तऱ्हांच्या निघाल्या. सात पोरांनी दोन आठवड्यांत माझ्या कपाटातलं एक पुस्तक वाचून चोथा केला होता, आणि मी तिचं पुस्तक बंद केलं होतं. मुलगा सोळाव्या पानावर पोचला, पुस्तक मिटलं आणि म्हणाला, "तिने वाचलेलं अजून एखादं आहे का?"

मी रात्रभर तळमळले वगैरे काही नाही. मला झोप चांगली लागते. पण सकाळी उठल्या उठल्या मनात पहिली आली ती मुलगीच.

शाळेत गेले तर ती आली नव्हती. डोंगरातलं एकही पोर आलं नव्हतं. हेडसर म्हणाले, "बागेचा माल लवकर उतरला. ती मंडळी आज निघाली म्हणे शिमग्याला." मी सरांना खुर्ची सरकवायला सांगितली. मंगळवार होता. सरांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग कॅलेंडरकडे.

कपाटात वरच्या खणात एक जाड पुस्तक होतं, सलग एकाच गोष्टीचं, मुखपृष्ठावर वाळवंट, उंट आणि एक पोरगी. ते मी कधीच कुणाला दिलं नव्हतं, इतकं छान होतं. त्याचं खाकी कव्हर मी तिथेच ओरबाडून काढलं. सर म्हणाले, "रजिस्टरला काय लिहू?" मी म्हटलं, "गहाळ." सर म्हणाले, "अजून तुमच्या हातात दिसतंय, बाई." मी तोवर स्कूटीला किल्ली लावली होती.

बागेच्या कडेला पत्र्याच्या खोल्या आहेत. समोर पिकअप उभी होती आणि तिच्यात भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि म्हाताऱ्या चढवणं चाललं होतं. ती मला बघून पुढे आली नाही. तिची चूक नव्हती. मीच गेले आणि पुस्तक पुढे केलं. म्हटलं, चुकलं माझं. आयुष्यात विद्यार्थ्याला पहिल्यांदाच म्हटलं, त्यामुळे जरा जोरात म्हटलं गेलं आणि पिकअपवरच्या म्हाताऱ्याही वळून बघायला लागल्या.

तिने पुस्तक घेतलं, उलटसुलट केलं, जाडी बघितली. "परत कधी द्यायचं?"

"द्यायचं नाही. तुमचंच."

तिने पाठीमागे बघितलं. बाकीची पोरं जमली होती. त्यांचं आपसात काहीतरी भराभर बोलणं झालं, मला निम्मं कळलं नाही. एक पोरगा धावत जाऊन छाटणीची कात्री घेऊन आला. तिने पुस्तक गुडघ्यावर पालथं धरलं, शिवणीचा दोरा कात्रीने तोडला आणि पुस्तक दोन ठिकाणी फाडून त्याचे तीन भाग केले.

माझ्या तोंडून आवाज निघाला. मी तोंडावर हात ठेवला. पायाखाली काही जिवंत आलं तर होतं तसं मला झालं.

"आमी तीन पाड्यांचे," ती मला समजावत म्हणाली, जशी मी दुसरीतल्यांना हातचा समजावते. "वाचून झालं का बाजाराला बदलू. बुधवारी बाजार असतो, समदे येतात."

मग शेवट कुणाकडे, यावरून भांडण झालं. प्रत्येकाला शेवटचा भाग पाहिजे होता. तिने तो सगळ्यात लांबच्या पाड्यावरच्या पोराला दिला आणि पहिला स्वतः ठेवला. मधल्या भागाचा मालक रुसला. त्यातल्या एका एवढ्याशा पोराने मला मध्ये घेतलं. मुखपृष्ठावरच्या उंटावर बोट ठेवून म्हणाला, "बाई, शेवटी तो उंट घरी येतो का नाय?"

सगळी माझ्याकडे बघायला लागली. मी त्या पुस्तकाला कव्हर घातलं होतं, नंबर दिला होता, दरवर्षी वाळवी लागू नये म्हणून उन्हात ठेवलं होतं. तळं राखी तो पाणी चाखी म्हणतात, मी बारा वर्षं तळं राखलं आणि ओंजळभर प्यायले नव्हते. वाचलं नव्हतं मी ते. कपाटातलं कुठलंच धड वाचलं नव्हतं.

खोटं बोलणं सोपं होतं. येतो म्हटलं असतं तर संपलं असतं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

पोरांना त्याचं काहीच वाटलं नाही. ती मात्र पिकअपमध्ये चढताना थांबली. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. पहिला भाग तिने पोलक्यात खोचला आणि जरा विचार करून मला म्हणाली, "मंग शिमग्यानंतरचे बुधवारी बाजाराला या. माझा वाचून झाला असंल, तो तुमी घ्या."

शाळेत परत गेले आणि त्या बुधवारची किरकोळ रजा टाकली.