धार कुणी लावली

चाकूकाका छापखान्यात स्टोअरकीपर होते. कागदाची रिमं, शाईचे डबे, खळ, सुतळी, सगळं त्यांच्या ताब्यात. त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. सुतळी कापायची असो, पेन्सिलीला टोक काढायचं असो की कुणाचं सफरचंद चिरायचं असो, काकांचा हात उजव्या खिशात जायचा आणि घडीचा चाकू बाहेर यायचा. तोही रोज वेगळा.

घरी त्यांच्या कपाटात एक रुंद खण होता. त्यात हिरवी लोकरी बनात अंथरून तीसेक चाकू निजवलेले. काळ्या शिंगाच्या मुठीचा, हाडाच्या मुठीचा, पितळी कडं फिरवून पातं अडकवायचा, माळ्याचा बाकदार पात्याचा, खलाशाचा बोथट टोकाचा, ज्याच्या पाठीला गाठी सोडवायचा दाभण असतो तो. सगळे जुन्या घडणीचे. कुठला भंगारवाल्याकडून मिळालेला, कुठला परगावच्या बाजारातून घासाघीस करून आणलेला. सकाळी अंघोळ झाली की काका खणासमोर उभे राहायचे. काकू म्हणायच्या, "लोकांच्या घरी शर्ट निवडायला वेळ लागतो. आमच्याकडे चाकू निवडतात."

"खिशात चाकू नसला की अनवाणी बाहेर पडल्यासारखं वाटतं गं," काका म्हणायचे.

एक गोष्ट मात्र त्यांना कधी जमली नाही, ती म्हणजे धार लावणं. दगडावर घासघास घासायचे, पण पातं जेमतेम सुतळी कापण्यापुरतंच लागायचं. दोष ते दगडाला द्यायचे. काळ्या शिंगाच्या चाकूला तर डबा उघडताना पात्याच्या कडेला एक दाता पडला होता, बारीकशी खाच, तो त्यांच्याकडून कधी निघालाच नाही.

घरात काकूंशिवाय काकांचे थोरले भाऊ होते, दादा. त्यांचं केशकर्तनालय होतं. हाताला कंप सुटला, एकदा गिऱ्हाइकाच्या कानाला वस्तरा लागला, आणि दादांनी त्याच आठवड्यात दुकानाला कुलूप लावलं. बायको आधीच गेलेली, म्हणून ते धाकट्याकडे आले. आल्यापासून फार बोलत नसत. शिवाय लेक आणि जावई होते. जावयाची बदली या शहरात झाली, म्हणून दोघं काही दिवसांपुरती राहायला आली होती, आणि ते काही दिवस वर्षाकडे झुकले होते. जावई एका प्रयोगशाळेत दुपारपाळीला. माणूस अबोल. जेवण झालं की फोन कानाला लावून खाली जायचा आणि कोपऱ्यात उभा राहून हळू आवाजात बोलत राहायचा.

अशात इमारतीच्या खाली उभ्या असलेल्या स्कूटरच्या सीट कुणीतरी फाडायला लागलं.

पहिली विमाएजंटची. संध्याकाळी तो खाली उतरला तर सीटवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सरळ चीर, आतला फोम बाहेर. मग तिसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाईंची. मग एकदम दोन. ओरबाडल्यासारखं काही नाही. पट्टी ठेवून रेघ मारावी तशी चीर. चौथी सीट फाटल्यावर सोसायटीच्या सेक्रेटरींनी जिन्याखाली सभा बोलावली. सेक्रेटरी हे बँकेतून निवृत्त झालेले, त्यामुळे प्रत्येक माणूस त्यांना खोटी सही करणारा वाटायचा.

"काम इमारतीतल्याच माणसाचं आहे," ते म्हणाले. "बाहेरचा माणूस भरदिवसा आत येऊन इतक्या निवांतपणे कापणार नाही. आणि हत्यार चांगलं आहे."

हत्यार हा शब्द उच्चारला गेला आणि सगळ्यांच्या नजरा काकांच्या उजव्या खिशाकडे वळल्या.  विमाएजंट घसा खाकरून म्हणाला, "काका, राग मानू नका. तुम्ही दुपारी जेवायला घरी येता ना?"

"येतो की. छापखाना दोन गल्ल्यांवर आहे."

"नाही, सहज विचारलं."

काकांनी हसत चाकू काढला, उघडला, मूठ पुढे करून सेक्रेटरींच्या हातात दिला. "बघा. याने लोणी कापायचं तर लोण्याला विचारावं लागतं."

दोघेचौघे हसले. सेक्रेटरी हसले नाहीत. त्यांनी अंगठ्याने पातं चाचपलं आणि विचारलं, "बाकीचे?"

त्या प्रश्नाने काकांचं हसू मावळलं. वर येऊन त्यांनी खण उघडला. आपले चाकू निर्दोष आहेत हे स्वतःशीच एकदा बघून घ्यावं, एवढाच हेतू. पहिला हातात आला तो काळ्या शिंगाचा. पातं उघडलं आणि काका तिथेच बसले. दाता नव्हता. पात्याची कड एका रेषेत, पाण्यासारखी चमकत होती. त्यांनी मनगटावर टेकवलं तर केस आपोआप गळून पडले. हाडाच्या मुठीचाही तसाच. माळ्याचा बाकदारसुद्धा.

आपण तर यांना धार लावलेली नाही. मग कुणी लावली? आणि कशासाठी?

काकांनी कुणाला काही सांगितलं नाही. आणि तेच वाईट झालं. बोलून टाकलेला संशय निदान हवेत विरतो, गिळलेला पोटात वाढतो. त्यांनी घरातल्या माणसांचा मनातल्या मनात हिशेब मांडला. काकू दिवसभर शिलाई मशीनवर. लेक सकाळी नोकरीला जाते ती दिवेलागणीला येते. दादांचा हात इतका कापतो की चहा बशीत सांडतो. राहिला जावई. सकाळपासून दुपारपर्यंत घरी. गाडी आत न लावता रस्त्यापलीकडे झाडाखाली लावतो, आणि त्याची सीट शाबूत. फोनवर कुणाशी बोलतो ते सांगत नाही. काका जवळून गेले की आवाज खाली येतो.

मग काकांनी पाळत सुरू केली. खण बंद करताना फटीत डोक्यावरचा एक पांढरा केस अडकवून ठेवला. दुपारी पाहिला तर केस खाली पडलेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. जेवताना ते जावयाच्या बोटांकडे बघायचे, कुठे कापलंय का म्हणून. जावयाच्या ते लक्षात आलं. तो हात मांडीवर ठेवून जेवायला लागला, आणि काकांना वाटलं, लपवतोय.

एका संध्याकाळी काका अंघोळ करून बाहेर आले तर काकू त्यांच्या पँटचा उजवा खिसा उलटा करून उजेडात धरून बघत होत्या. काकांना बघून त्या दचकल्या.

"काय शोधतेस?"

"काही नाही. धुवायला टाकायची होती."

"धुवायची पँट दिव्याखाली धरून बघतात?"

काकू खाली बसल्या. म्हणाल्या, "अहो, खरं सांगा. तुम्ही नाही ना? विमावाल्याशी तुमचं पाण्याच्या टाकीवरून वाजलं होतं. नर्सबाईंनी तुम्हाला जिन्यात विडी ओढू नका म्हणून सुनावलं होतं. माझ्या मनात नको ते यायला लागलंय. फोमचा एखादा कण मिळतो का ते बघत होते."

तीस वर्षांचा संसार, आणि बायको आपल्या खिशात पुरावा शोधते आहे.  काका एवढंच म्हणाले, "मिळाला का?"

"नाही."

"मग चहा टाक."

पण त्या रात्री दोघं एकमेकांकडे पाठ करून झोपले.

पुढच्या रविवारी काकांनी जावयाला गॅलरीत गाठलं. पाचवी सीट आदल्या दिवशीच फाटली होती. काकांनी आडून बोलायचं ठरवलं होतं, पण ज्यांना आडून बोलायची सवय नसते त्यांचं आडून बोलणं जास्त लागतं.

"चाकू हवा असला तर मागून घ्यावा," काका म्हणाले. "न विचारता खण उघडणं बरं नाही."

जावई बघतच राहिला. "कुठला चाकू?"

"ते तुम्हाला माहीत. धार छान लावता."

"बाबा, मी तुमच्या खणाला हातसुद्धा लावलेला नाही."

"मग फोनवर कुजबुजत काय असता दुपारी? गाडी बाहेर का लावता?"

जावयाचा चेहरा हळूहळू बदलला. विचारलं काय जातंय ते त्याला आत्ता कळलं होतं. तो म्हणाला, "गाडी बाहेर लावतो, कारण आत लावली तर विमावाले आपली गाडी निघत नाही म्हणून बोलतात. आणि फोन घरांच्या दलालाचे असतात. आम्ही भाड्याची जागा शोधतोय. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून ठरल्यावर सांगणार होतो." मग थोडं थांबून म्हणाला, "आता ठरवायला सोपं झालं."

त्याच आठवड्यात टेम्पो आला. लेकीने सामान भरताना वडिलांशी एक शब्द काढला नाही. निघताना आईला मिठी मारली, दादांच्या पाया पडली आणि काकांना म्हणाली, "चाकू मोजून घ्या. एखादा आमच्या खोक्यात आला असेल."

ती गेली आणि तीनच दिवसांत काकांच्या हातात खलाशाचा चाकू आला. तोही लखलखीत. जावई तर घरातच नव्हता.

काकांनी छापखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा घेतली. भर दुपारी आपल्याच घराचं दार चोरासारखं किल्लीने उघडलं. काकूंनी मशीन आतल्या खोलीतून गॅलरीत हलवलं होतं, तिथून त्याचा खडखडाट येत होता. आणि त्या खडखडाटाच्या खाली, दादांच्या खोलीतून दुसरा आवाज. सप्, सप्. थांबून पुन्हा सप्, सप्.

दार लोटलेलंच होतं. दादांनी दुकानातला, वस्तऱ्याला धार चढवायचा चामडी पट्टा खिडकीच्या गजाला अडकवला होता. खांद्यावर टॉवेल. डाव्या हाताने पट्टा ताणून उजव्या हाताने पितळी कड्याचा चाकू वरखाली फिरवत होते. पातं एकदा इकडून, एकदा तिकडून. हात जराही कापत नव्हता.

"दादा," काका म्हणाले.

दादांनी वळून पाहिलं. पट्टा सोडला तसा हात पुन्हा थरथरायला लागला. "तू आज लवकर आलास."

"हे तू करत होतास?"

"थोड्या दिवसांपासून, एकेक करून. आधी दगडावर, मग पट्ट्यावर. तुझ्या पात्यांची दशा बघवत नव्हती. अवजार चांगलं आणि धार कोयत्याची." ते खाटेवर बसले. "आणि खरं सांगायचं तर पट्ट्यावर असताना माझा हात धड असतो. का ते डॉक्टरलाही कळत नाही. दिवसातनं तेवढा वेळ मी माणसात असतो. तुला सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, दादा, लागेल, राहू दे."

काकांनी तसंच म्हटलं असतं. पण त्या क्षणी त्यांच्या मनात ते आलं नाही. मनात दुसरंच आलं, आणि ते तोंडातून निसटलं. "दादा, खाली सीट फाडतात ते..."

दादांनी कडं फिरवून चाकू मिटवला. मग म्हणाले, "आयुष्यभर लोकांनी आपला गळा माझ्या वस्तऱ्याखाली दिला. तुझ्या वडिलांनीसुद्धा."

"आपल्या," काका पुटपुटले.

"हो, आपल्या. आत्ता तसं वाटलं नाही."

काका खाली मान घालून उभे राहिले. तितक्यात गॅलरीतलं मशीन थांबलं आणि काकूंची हाक आली. हळू, पण घाईची. "अहो, तुम्ही आहात का? इकडे या. बोलू नका."

काकूंनी मशीन उजेडासाठी हलवलेलं नव्हतं. नवरा निर्दोष आहे की नाही हे एकदाचं कळावं म्हणून त्या गेले चार दिवस खाली नजर ठेवून शिवत होत्या. खाली, दोन गाड्यांच्या मध्ये, खांद्याला पिशवी लावलेला एक माणूस वाकला होता. त्याने विमाएजंटच्या नव्या सीट कव्हरवरून हात फिरवला. मग सरळ होऊन हँडलला एक कार्ड अडकवलं आणि पुढच्या गाडीकडे वळला.

काका जिना उतरले तेव्हा त्यांच्या खिशात चाकू होता. पण त्यांनी तो काढला नाही. त्यांनी फाटकाला कडी घातली आणि तिथे उभे राहिले. काकूंनी वरून सेक्रेटरींना हाक मारली. माणूस पळाला नाही, हसतमुखाने म्हणाला, "सीट कव्हर बसवून देतो साहेब. जागेवर." पिशवीत रेक्झिनचे नमुने, कार्डांचा गठ्ठा आणि कागद कापायचं साधं सरकतं ब्लेड निघालं, त्याला फोमचे कण चिकटलेले. आधी तोच फाडायचा आणि चार दिवसांनी तोच कव्हर विकायला यायचा. विमाएजंटने त्याच्याकडूनच कव्हर घेतलं होतं. पसंतही होतं.

पोलिसांनी त्याला नेलं. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी फळ्यावर लिहिलं, 'सतर्क सभासदांचे आभार.' काकांचं नाव नव्हतं, काकूंचंही नव्हतं. नर्सबाई मात्र जिन्यात थांबून म्हणाल्या, "काका, मलाही तुम्हीच वाटला होतात. सांगून टाकते म्हणजे मनात राहणार नाही." काकांना त्या एकदम आवडून गेल्या.

दादांशी बोलणं सुरू व्हायला वेळ लागला. काकांनी माफी मागितली, दादा "असू दे" म्हणाले, पण पट्टा गजावरून उतरवून त्यांनी ट्रंकेत ठेवला. एका संध्याकाळी काकांनी भंगारवाल्याकडून गंजलेला एक चाकू आणला आणि काही न बोलता त्यांच्या खाटेवर ठेवून दिला. दोन दिवस तो तसाच पडून होता. तिसऱ्या दिवशी दादा म्हणाले, "याला आधी दगड लागेल. तुझा तो खडबडीत नको. बारीक आण."

राहिला जावई. काका एका सुट्टीच्या दिवशी पत्ता शोधत एकटेच त्याच्या नव्या घरी गेले. दोन खोल्या, भिंतींना रंगाचा वास. लेक बाहेर गेली होती. जावयाने पाणी दिलं, खुर्ची दिली, समोर बसला.

"माझं चुकलं," काका म्हणाले. "तुम्ही घरात होता म्हणून तुमच्यावर आलं. दुसरं काही कारण नव्हतं."

"ते मला तेव्हाच कळलं होतं," जावई म्हणाला. "मी परका, म्हणून मी. घरातला माणूस असतो तर तुम्ही आधी विचारलं असतंत."

काकांना सांगावंसं वाटलं की घरातल्या माणसालाही मी तसंच विचारलं, आणि घरातल्या माणसानेही मला. पण ते सांगून याचं काय हलकं होणार, म्हणून त्यांनी उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

जावई उठला, आतून एक पिकलेलं पेअर आणि सुरी घेऊन आला. सुरी बोथट होती. पेअर चिरण्याऐवजी चिरडत होतं, रस बशीत ओघळत होता. काकांचा हात सवयीने खिशाकडे गेला आणि मांडीवर परत आला. त्यांनी ती वेडीवाकडी फोड उचलून खाल्ली.

"रविवारी येत जाऊ आम्ही," जावई म्हणाला. "जेवायला येऊ. राहायला नको."

"या," काका म्हणाले. "दादा पण विचारत होता."