दिवे गेले की बोलणारा हर्षल

आमच्या उमेळे गावात मी आमच्या संघटनेची पत्रकं घरोघर वाटत होते, तेव्हा हर्षलच्या काकांनी मला रस्त्यात थांबवलं. "हर्षल गेला गं सकाळी. कावीळ डोक्यात चढली." माझ्या हातातल्या पत्रकावर ठळक अक्षरांत छापलं होतं : भारनियमन बंद करा. मजकूर माझाच होता.

हर्षल माझा शाळेपासूनचा मित्र. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, पण नावापुरता. पडदे ओढून, दिवा न लावता तो दिवसभर कॉम्प्युटरवर ऑनलाइन गेम खेळायचा. काकू, म्हणजे त्याची आई, ताट त्याच्या पाठीमागे ठेवून यायच्या. मी त्याला खूप सुनावायचे. बाजारानं तुला गिऱ्हाईक केलंय, वगैरे. तो हसायचा. "पुढारीणबाई, तिकडे गेममध्ये मी पाच मिनिटं नसलो तर टीममधले चौघं विचारतात, कुठे गेलास. कॉलेजात महिनाभर नव्हतो... कोणी विचारलं?"

संध्याकाळी दिवे जायचे, तेवढा वेळ मात्र तो ओटीवर यायचा. कंदिलाची काच पुसायचा, काकूंची थट्टा करायचा, वाडीतल्या केळीची चौकशी करायचा... आणि दिवे आले की वाक्य अर्धं टाकून आत. एकदा मी भारनियमनाविरुद्धच्या मोर्चाचं सांगायला गेले, तर काकू हळूच म्हणाल्या, "तुझा मोर्चा जरा सावकाश ने बाई. दिवे जातात म्हणून माझा मुलगा मला दिसतो." मला त्यांचा रागच आला होता.

तेराव्यानंतर मी काकूंना भेटायला गेले, तेव्हा त्या आपणहून बोलल्या. "रोज समोर बसायचा. जेवण तुटलंय, थकलाय, एवढं कळत होतं. पण कंदिलाच्या उजेडात सगळ्यांचेच डोळे पिवळे दिसतात गं..."

लोक म्हणतात, गेमनं पोरगं खाल्लं. असं म्हटलं की सगळे सुटतात. ज्या कॉलेजातून एक मुलगा नाहीसा होतो आणि एकही मास्तर, एकही मित्र त्याच्या दाराशी येत नाही, त्या कॉलेजला जाब कोण विचारणार? युवाशक्ती जागी करायला निघालेल्या आमच्या संघटनेला कोण विचारणार? कुणीतरी आपली वाट बघावी, एवढंच त्याला हवं होतं. ते त्याला कधीही न भेटलेल्या चौघांनी दिलं. उजेडात त्याच्या तोंडाकडे बघायला मात्र त्यांच्यापैकी कुणी इथे नव्हतं, आणि आम्ही असून नव्हतो.

भारनियमनाच्या विरोधात मी आजही आहे. काल संध्याकाळी मी काकूंकडे होते. दिवे गेले, काकूंनी कंदील लावला आणि आम्ही ओटीवर बसलो. दिवे आले तशी शेजारची माणसं आपापल्या ओटीवरून आत गेली. हर्षलच्या खोलीतला पंखा आपोआप फिरू लागला. त्याचं बटण काकूंनी अजून बंद केलेलं नाही. मी उठणार, तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला.

"दिवे आले म्हणून लगेच जाऊ नकोस. बस थोडी."