लोणारच्या कारखान्यातली पालथी पत्रिका

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार नोंदवतो. संभाजीनगरहून ज्या एसटीने मी निघालो, तिच्या कपाळावर ‘बुलढाणा’ लिहिलं होतं आणि कुशीवर ‘बुलडाणा’. एकाच गाडीने एकाच वेळी दोन गावांना जाणं मला तर्कशास्त्राच्या दृष्टीने मान्य नाही. ही नक्की कुठे जाते, असं कंडक्टरला विचारलं, तर म्हणाला, “काका, ड असो का ढ, तिकीट तेवढंच लागते.” ढ कोण, ते त्याच्या नजरेत स्पष्ट दिसत होतं. संस्कृत घेऊन एम.ए. झालेल्या माणसाने यावर खिडकीबाहेर बघावं, ते मी बघितलं.

लोणारचं सरोवर बघायला चाललोय, असं पुण्यात सगळ्यांना सांगितलं होतं. तुम्हालाही तेच सांगणार होतो, पण मग पुढचं काहीच सांगता आलं नसतं. बुलडाण्याजवळ देऊळघाटला माझे बाबा माझ्या थोरल्या भावाकडे राहतात. त्यांनी तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं. ह्रस्व-दीर्घ चुकलं की पट्टी बोटांवर. शेताला डुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, लागतात म्हणून त्यांच्याकडे परवान्याची एकनळी बंदूक आहे. आणि वर्षभरापासून त्यांना माणसं ओळखू येईनाशी झाली आहेत. ही शेवटची दोन वाक्यं शेजारी-शेजारी ठेवून बघा.

भर दुपारी पोचलो. बाबा ओसरीवर खुर्चीत, मांडीवर बंदूक.

“कोण?”

“मी, बाबा. मोरू.”

“मोरू पुण्याला असतो,” असं म्हणून त्यांनी नळी माझ्या छातीशी धरली. हात अजिबात कापत नव्हता. नळीचं तोंड एवढं काळं असतं, हे मला माहीत नव्हतं.

आतून वहिनी कप घेऊन आल्या. “मामाजी, चहा निवून राह्यला.” नळी खाली गेली. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, “घाबरू नका भाऊजी, रोजचंच हाय. परवा पोस्टमनले उभं केलं होतं.”

“काडतुसं कुठे आहेत?”

“कोनाले माहीत! कपाटाची किल्ली कंबरेले. बंदूक ठाण्यात जमा करू म्हटलं, त सही करत नाहीत. म्हणतात, डुकरं काय सहीनं पळतीन?”

चहा पिऊन बाबांनी मला विचारलं, “आपण कोणत्या गावचे?” आणि माझ्या पुण्याच्या मराठीची फार स्तुती केली.

म्हणून दुसऱ्या दिवशी लोणार. ही बंदूक तिथल्याच एका छोट्या कारखान्यात बनलेली. तिथल्या मिस्त्रीला विनवून घरी आणायचं आणि गुपचूप तिला मुकं करायचं, असा बेत होता. वहिनींनी परवान्याच्या पुस्तिकेतून नंबर उतरवून दिला: ४१७.

जाणाऱ्यांसाठी: बुलडाणा (बाबा ‘ड’च लिहायचे, मी त्यांच्या पक्षाचा), चिखली, मेहकर, लोणार असा रस्ता. पहिली गाडी पकडा. मेहकरच्या स्टँडवर तर्री-पोहे खा, पण तर्री ‘थोडी’ म्हणून सांगा. तिथलं थोडं म्हणजे आपलं पुष्कळ. लोणारला भाकरी, पिठलं आणि ठेचा शंभराच्या आत मिळतो. सरोवरात उतरताना पाणी बरोबर घ्या.

उतरलो मीही. उल्का पडून झालेला तो प्रचंड खड्डा, तळाशी हिरवट पाणी, सडक्या अंड्यांसारखा वास, आणि बाभळींत अशी शांतता की आपलंच गिळणं ऐकू यावं. त्या शांततेत वर कुठेतरी बार झाला. मी मोजत राहिलो. बरोबर तेवढ्याच अंतराने पुन्हा. मग पुन्हा. काठावर माणूस दिसेना. देवळापाशी बसलेल्या एका बाईंना विचारलं, कोण उडवतंय? त्या म्हणाल्या, “कोनी नाही. आपोआप उडते.” आणि पुन्हा शेंगा सोलू लागल्या.

कारखाना गावाबाहेर, मेहकर रस्त्याला. पाटी फक्त ‘कृषी अवजारे’ अशी. आधी कळवल्याशिवाय आत घेत नाहीत आणि फोटो काढू देत नाहीत. मिस्त्रींचं नाव कादरभाई. सत्तरीचे, कानात कापसाचे बोळे.

“कारखान्याचा इतिहास काय?” मी विषयाला लांबून हात घातला.

“इतिहास काय बे, भट्टी होती,” ते म्हणाले, मग माझे पांढरे केस दिसल्यावर ‘बे’ मागे घेतलं. “मालकाचा आजा बैलगाडीच्या चाकाले लोखंडी धाव चढवे. शिकारी लोकाईच्या बंदुका दुरुस्त करता करता लायसन भेटलं. पहिले ठासनीच्या केल्या. दारू ठासा, छर्रे ठासा, तंवर डुक्कर घरी जाऊन झोपे. मंग काडतुसाची एकनळी. मंग दुनळी, पाटलाईसाठी. एका नळीत त्याइचा मान नाही मावत.”

“आणि आता?”

“आता जत्रेत फुगे फोडाच्या छर्ऱ्याच्या बंदुका. अन् हे.” त्यांनी तिवईवरचा एक जाड पाइप दाखवला. गॅसवर चालतो, ठरावीक वेळाने नुसता आवाज करतो, डुकरं पळतात. सरोवरात ऐकलेला बार त्याचाच. “छर्रा नाही, चाप नाही, मानूस नाही. नुसता बार.” त्यात कौतुक होतं की सुतक, कळलं नाही.

मी नंबर सांगितला. कादरभाईंनी कानातले बोळे काढले आणि मला मागच्या खोलीत नेलं.

खोलीभर दोऱ्या बांधलेल्या, आणि दोऱ्यांवर वाळत घातल्यासारखे कागद. पिवळे, शेकडो. प्रत्येक कागदाला छर्ऱ्यांची भोकं. मागच्या झरोक्यातून येणारं ऊन त्या भोकांतून गळत होतं. माझ्या शर्टावर, हातांवर, कादरभाईंच्या चेहऱ्यावर बारीक ठिपके. वारा नव्हता तरी कागद हलत होते.

“नवी बंदूक पहिल्यांदा कागदावर उडवतो. छर्रे कसे पसरतात, ते पाहाले. तो कागद इथंच राह्यते. आमी पत्रिका म्हनतो.”

नाडी, गण, गोत्र सगळं जुळतं का, असं विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं. पण काही कागद भिंतीकडे तोंड करून लटकत होते.

“ते?”

“पालथ्या पत्रिका. बंदूक मेली का आमी पालथी करतो.”

त्यांनी बोटाने दोऱ्या मोजल्या आणि एका कागदापाशी थांबले. पालथा. पाठीवर ४१७.

“चूक आहे,” मी म्हणालो. “काल माझ्या छातीवर होती.”

कादरभाईंनी माझा चेहरा न्याहाळला. मग म्हणाले, “तुमी गुरुजीचे मोरू काय?”

बाबा स्वतः आले होते. तीन पावसाळ्यांमागे, एकटे, एसटीने, बंदूक खोळीत घालून.

“मले म्हनले, ‘कादर, नावं निसटून राह्यली. उद्या घरच्यावरच नळी धरली त? सुई काढून घे.’ घोडा ज्या सुईनं काडतुसाले ठोकते, ते सुई. म्या म्हनलं, गुरुजी, जमाच करून टाका ना. त म्हने, जमा केली त गावाले कारन सांगा लागते. म्या म्हनलं, पोराले तरी सांगा. त म्हने, ‘त्याले त मुळीच नाही.’”

“आणि काडतुसं?”

“तेही मलेच देऊन गेले.”

कागदाच्या पाठीवर बाबांचं अक्षर होतं, मोत्यांसारखं: ‘सुइ काढून घेतली. रा. देउळघाट.’ खाली सही.

सुई ह्रस्व. देऊळही ह्रस्व. मी ते दोन शब्द पुन्हा पुन्हा वाचले. दिवाळीच्या पत्रांत मीच पुण्याहून बाबांना शुद्धलेखनाच्या गमती लिहून पाठवत होतो, तेव्हाची ही चूक.

निघताना कादरभाईंनी काडेपेटी हातात ठेवली. आत ती सुई; बोटाच्या एका पेराएवढी.

परत देऊळघाटला गेलो. दादा-वहिनींना सगळं सांगितलं. वहिनी पदराने तोंड पुसत म्हणाल्या, “म्हंजे पोस्टमन उगाच घाबरला.” बाबा ओसरीवरच होते. बंदूक तशीच मांडीवर ठेवू दिली.

आता पुण्यात आहे. सुई लिहायच्या टेबलावर आहे. लोणारला जरूर जा, थंडीत जा, सकाळी उतरा. बार ऐकू आले तर घाबरू नका, कोणी उडवत नसतं.

मला भीती गोळीची वाटत होती, असं मी समजत होतो. ती गेली, आणि आता खरी कळली. एखाद्या दुपारी मी ओसरीवर चढेन, बाबा ‘कोण?’ म्हणतील, मी नाव सांगेन, आणि या वेळी ते चाप ओढतील. काही होणार नाही. नुसतं ‘टक्’ होईल. त्यांनी स्वतःच तशी सोय करून ठेवली आहे. पण ते ‘टक्’ मला ऐकायचं नाही, आणि म्हणून मी पुढच्या महिन्याचं तिकीट अजून काढलेलं नाही.