खेकड्याच्या हाताचा व्हॉल्व्ह

लोणावळ्याच्या अब्दुल शिकलगारांनी रेल्वेत तेहतीस वर्षं एकच काम केलं. घाट उतरणाऱ्या मालगाड्यांचे हवेचे ब्रेक तपासायचे. डब्याडब्याखाली वाकायचं, कान लावायचा, कुठे फुसफुस वाटली तर साबणाचं पाणी फासून बुडबुडे येतात का पाहायचं. त्यांच्या सहीशिवाय गाडी हलत नसे, आणि त्यांच्या सहीची एकही गाडी घाटात निसटली नाही. हे ते स्वतः कधी सांगत नसत. त्यांच्या पत्नी खुर्शीदा सांगत, आल्यागेल्याला चहाबरोबर.

निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी मुलीनं त्यांना पुन्हा हवेच्या कामाला जुंपलं. आयरा तळेगावच्या एका कारखान्यात तंत्रज्ञ. सुट्टीच्या दिवशी ती घरी लढाऊ रोबो बनवत होती: बसका, पोलादी पत्र्याचा, पुढे एकच रुंद हात. समोरच्या रोबोखाली घुसायचं आणि हवेच्या जोरावर हात उचलून त्याला उलथं पाडायचं. नाव ठेवलं होतं खेकडा. आठ महिने खपून सगळं जमलं होतं. हाताला हवा सोडणारा व्हॉल्व्ह तेवढा ठरायचा होता.

जुन्या सामानाच्या बाजारातून तिनं तीन व्हॉल्व्ह आणले. अब्दुलभाईंनी ओट्यावर वर्तमानपत्र पसरून ते मांडले.

"ह्यो चपळ हाय," पहिला उचलून ते म्हणाले, "पण तोंड बघ की. माझी करंगळी जाईना."

"पण टाकीत हवा भरपूर आहे, अब्बा."

"असून काय उपेग? शेवटच्या डब्याला वेळेवर पोचली, तर ती हवा."

दुसऱ्याला विजेवर उघडझाप करणाऱ्या दोन कॉइल होत्या. वीज गेली की तो जिथे असेल तिथेच अडून राहणारा.

"असला व्हॉल्व्ह नको अन् असला माणूसबी नको."

"असल्या माणसाबरोबर मी पस्तीस वर्षं काढली," आतून खुर्शीदा म्हणाल्या.

तिसरा रुंद तोंडाचा, एका कॉइलचा. वीज तुटली की आतली स्प्रिंग त्याला मूळ जागी आणायची. अब्दुलभाईंनी तो दोन-चारदा टिकटिक वाजवून ऐकला आणि बाजूला ठेवला. निवड झाली. हात ढकलणाऱ्या सिलेंडरला जाणाऱ्या दोन्ही नळ्या, एक हात उचलणारी, एक खाली आणणारी, त्यांनी स्वतः जोडल्या, अगदी मापात कापून.

नंतर आयराला एक गोष्ट खटकली. "अब्बा, हात खाली असतो तेव्हा कॉइलला सारखी वीज द्यावी लागतेय. ती तापून चटका बसतो. असं का?"

"वीज हाय तवर सगळं ठीक. काय तुटलं, की हवा सिलेंडरात गेलीच पायजे. ब्रेकचा नेमच हाय तो."

तेहतीस वर्षांपुढे आयरा काय बोलणार? तिनं प्रोग्रॅम तसाच बसवला.

स्पर्धा घोरावाडी स्टेशनजवळच्या एका सभागृहात होती. साडेअकराच्या आत तपासणीत उतरेल त्यालाच लढायला मिळणार होतं. तपासणीच्या अर्जावर 'हत्याराची जबाबदारी' या रकान्यात आयरानं वडिलांचं नाव लिहिलं होतं. अब्दुलभाईंनी ते दोनदा वाचलं आणि सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

खेकडा जाड पारदर्शक पेटीत ठेवला. तपासणारा शार्दूल, पंचविशीतला, मितभाषी मुलगा. आयरानं रिमोटनं हात उचलून दाखवला, खाली आणून दाखवला.

"छान. आता रिमोट बंद करा."

आयरानं रिमोट बंद केला.

धाडकन आवाज झाला. हात वर उसळला, अख्खा खेकडा वीतभर उडून पेटीत आदळला. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून पाहू लागली.

"हे चालणार नाही," शार्दूल म्हणाला. "संपर्क तुटला की हत्यार थंड पडलं पाहिजे. तुमचं तर उलट चालू होतंय. पंचवीस मिनिटं आहेत तुमच्याकडे."

अब्दुलभाईंना सगळं एका क्षणात दिसलं. गाडीत काही तुटलं, तर हवा सिलेंडरात जाते, म्हणून गाडी थांबते, माणसं वाचतात. इथे सिलेंडरात हवा गेली, की हात सुटतो. आणि त्याहून वाईट आठवलं ते काल संध्याकाळचं. आयरा पालथी पडून त्याच हातावर हनुवटी टेकून स्क्रू आवळत होती. टाकीत हवा होती, बॅटरी संपत आली होती, आणि ते तिला म्हणत होते, आटप, आटप.



आयरानं मागचा नॉब फिरवून टाकी रिकामी केली. "नळ्यांची अदलाबदल करायची, बस. मी प्रोग्रॅम उलटा करते."

पण मापात कापलेली एक नळी दुसऱ्या तोंडापर्यंत पोचेना. अब्दुलभाईंनी पिशवीतला जादा तुकडा काढला, पातं लावलं. घाईत काप तिरका गेला. साबणाचं पाणी लावून पंपानं थोडी हवा सोडली, तर जोडाशी बुडबुडे. पुन्हा कापला. पुन्हा बुडबुडे. तुकडा आखूड होत चालला. अकरा वाजून अठरा मिनिटं झाली होती.

"द्या इकडे," आयरा म्हणाली.

त्यांनी पातं दिलं. तिनं एका दाबात सरळ काप घेतला, नळी बसवली. त्यांनी पाणी फासलं आणि चष्मा वर करून पाहिलं. एकही बुडबुडा नाही.

"कॉइल का तापते, हे मी विचारलं होतं, अब्बा." तिचा आवाज चढलेला नव्हता. त्यामुळे तो जास्त लागला.

"व्हय, विचारलंवतंस. मी ऐकलं न्हाई." नळीवरचं पाणी पुसत ते म्हणाले, "आता परत इचार. सगळं इचार."

"वीज तुटली तर?"

"हात खाली."

"रिमोट बंद पडला तर?"

"हात खाली."

"हवा संपली तर?"

"उचलणारच न्हाई."

आयरानं उलटा केलेला प्रोग्रॅम चालू केला. "कॉइलला हात लावून बघा."

त्यांनी लावला. गार होती.

टाकी भरून अकरा सत्तावीसला खेकडा पुन्हा पेटीत गेला. हात उचलला, खाली आला.

"रिमोट बंद."

अब्दुलभाईंनी वाकून पेटीला कान लावला. टक् असा बारीक आवाज आला. हात खालीच राहिला. शार्दूलनं तीनदा करायला लावलं. एकदा तर हात वर असताना रिमोट बंद करायला सांगितला. हात निमूट खाली येऊन बसला.

त्यानं अर्ज पुढे सरकवला. "सही करा, काका."

अब्दुलभाईंनी पेन घेतलं आणि आयरापुढे धरलं. "घाटाच्या कागदावर दोन सह्या असायच्या. तपासणाऱ्याची अन् चालवणाऱ्याची. आज तपासलंस तू."

"इथे एकाच सहीची जागा आहे," शार्दूल म्हणाला.

"मग खाली समासात करतो मी," अब्दुलभाई म्हणाले.

आयरानं रकान्यातलं त्यांचं नाव खोडलं नाही. त्याच्या शेजारी, दाटीवाटीनं, आपलं नाव लिहिलं, सही केली आणि पेन त्यांच्याकडे दिलं. त्यांनी सावकाश, रेल्वेतली ती जुनी पूर्ण सही केली. मग साबणाच्या पाण्याची बाटली खिशात घातली आणि खेकड्याची एक बाजू उचलायला वाकले.