लिहिलंय तेवढंच कर

शैलाच्या नंबरावरून फोन आला तेव्हा मी तिच्याच कामाला बसले होते. बीड बायपासला आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत तिनं तिचं काचेचं छोटं यंत्र मांडून दिलं होतं. पाणी उकळायचं, वाफ नळीतून न्यायची, नळीभोवती गार पाणी फिरवून ती वाफ थंड करायची, की पलीकडं थेंब थेंब शुद्ध पाणी पडतं. लॅबला तेच लागतं. पण माझ्या नळीच्या टोकाशी थेंब कमी आणि वाफच जास्त. म्हणजे तिनं लिहिलेली कृती चुकली होती. शैला दवाखान्यात होती, साधंसं ऑपरेशन झालं होतं, एक-दोन दिवसांत घरी सोडणार होते. तिची चूक सापडल्याचा मला इतका आनंद की मी फोन उचलून हॅलोसुद्धा म्हटलं नाही. "अगं, वाफ येतीय तुझ्या नळीतून," म्हटलं. पलीकडं तिचे यजमान होते, भास्करराव. म्हणाले, "ताई, शैला गेली..." मी आधी शेगडी बंद केली. ती असती तर पहिलं तेच विचारलं असतं.

एकाच कॉलेजात आमचं आयुष्य गेलं. ती केमिस्ट्री शिकवायची, मी मराठी. स्टाफरूममध्ये शेजारी खुर्च्या, एवढाच काय तो संबंध, पण तिच्या प्रश्नांपुढं विषयबिषय टिकायचा नाही. वेरूळला सहल नेली तर सगळे मूर्तींपुढं फोटो काढतायत आणि ही खडकात खोदलेल्या पाण्याच्या चराशी उकिडवी बसून "उतार कसा मोजला असेल गं यांनी?" शहागंजात साडी घ्यायला गेलो तर दुकानदाराला रंग पक्का कशानं होतो ते विचारत बसायची, साडी राहायची बाजूला. मला तिचा राग यायचा आणि तिच्याशिवाय करमायचंही नाही.

मग ती दुष्काळाची वर्षं आली. नळाला पाणी कधी येईल त्याचा नेम नाही, कॉलेजला टँकर, पोरं प्यायचं पाणी घरून आणायची. आणि लॅबमध्ये ते शुद्ध पाण्याचं यंत्र चालू केलं की नळीभोवतीचं गार पाणी सरळ मोरीत. एक बाटली शुद्ध पाणी मिळवायला बादल्याच्या बादल्या वाहून जायच्या. शैला एकदा त्या मोरीपुढं नुसती उभी राहिली. दुसऱ्या दिवशी कूलरचा पंप घेऊन आली. आमच्या शहरात उन्हाळ्यात कूलर नाही असं घर सापडायचं नाही, तो पंप मिळणं काही अवघड नव्हतं. पत्र्याच्या पिंपात पाणी भरलं, त्यात पंप सोडला, तेच पाणी नळीभोवती फिरून पुन्हा पिंपात. मी म्हटलं, झालं की काम. पण तिला खरा धक्का पुढं बसला. कुठल्याशा कार्यशाळेत कळलं की शेजारच्या तालुक्यातल्या कॉलेजात हेच कुणीतरी आधी करून, न जमल्यामुळं सोडून दिलं होतं, आणि कुणाला सांगितलंही नव्हतं. "बघ ना," ती म्हणाली, "प्रत्येक जण आपापल्या मोरीपुढं एकटाच शहाणा."

त्यातून तिची ती वेबसाइट निघाली. 'करून बघितलं' असं नाव. विकीसारखी, म्हणजे लॅबमधली आपली पद्धत कुणीही लिहावी, कुणीही दुरुस्त करावी. पण पानाला हिरवी खूण मिळवायची तर लिहिणाऱ्याची ओळखदेख नसलेल्या दुसऱ्या कॉलेजातल्या माणसानं ती कृती स्वतःच्या हातानं करून बघायची. आणि त्याही आधी, त्या विषयातलं ओ की ठो कळत नाही अशा एकानं पान वाचून तसंच्या तसं करायचं. ती अडाणी जागा अर्थातच मला मिळाली. "तू डोकं चालवू नको," ती बजावायची, "लिहिलंय तेवढंच कर." पहिलं पान कमी पाण्यात काचेची भांडी कशी धुवायची याचं होतं. शेवटची ओळ, भांडी उपडी ठेवावीत. मी ठेवली, वर्तमानपत्रावर. कडांना शाई लागली.

"तुला पेपरवर ठेव असं कुणी सांगितलं?" शैला.

"नको ठेवू असं तरी कुणी सांगितलं?"

ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. 'जाळीवर' हा शब्द तिनं तेव्हाच घातला. पुढं कुणीही नवीन पान लिहायला आलं की ही गोष्ट सांगायची. आपल्या हाताला जे सवयीचं असतं ते आपल्याला दिसत नाही, ते कागदावर येत नाही, आणि पाहुण्याची नेमकी तिथं पंचाईत होते, हे तिचं लाडकं पालुपद होतं. आमच्या शहरातले एक निवृत्त प्राध्यापक, थोरात सर, यांचंही पान तिनं अडवलं होतं. सर तणतणत स्टाफरूममध्ये आले. म्हणाले, "बाई, यावर माझा प्रबंध आहे." शैलानं त्यांना चहा सांगितला आणि म्हणाली, "प्रबंध आहे सर, पण कृती होत नाय." महिनाभर सर बोलले नाहीत. मग पान दुरुस्त करून पाठवलं, आणि तेव्हापासून तिचे सगळ्यात मोठे चाहते झाले.

त्या कूलरच्या पंपाचं पान मात्र तिनं सगळ्यात शेवटी लिहायला घेतलं. मी टोचायची, सगळ्या जगाची पानं झाली, तुझं कुठंय? ती म्हणायची, उन्हानं पिंपातलं पाणी तापतं, भर उन्हाळ्यात चाललं पाहिजे, त्याशिवाय लिहिणार नाय. निवृत्तीनंतर तिनं घराच्या मागच्या अंगणात तेच पिंप, तसंच यंत्र मांडलं. आजूबाजूची शेतं जाऊन इमारती उठल्या, तिच्या अंगणात सकाळची उन्हंसुद्धा उशिरा यायला लागली, हिचे प्रयोग चालूच. यंदाच्या मे महिन्यात एकदाचं जमलं. पान लिहून झालं, यंत्राचा दुसरा संच माझ्या बाल्कनीत आला आणि ती दवाखान्यात गेली. जाताना म्हणाली, "नापास केलंस तरी चालंल, पण खरं सांग."

शोकसभा कॉलेजच्या हॉलमध्ये झाली. सगळे चांगलं बोलले. शेवटी थोरात सर उठले. म्हणाले, शैलाबाईंच्या शेवटच्या पानाला आपण आज, इथंच, हिरवी खूण देऊ, यापेक्षा मोठी श्रद्धांजली कुठली? लोकांनी माना डोलावल्या. गप्प बसले असते तर कुणाचं काही बिघडलं नसतं... पण ती खूण तिची सगळी कमाई होती. ओळखीवर, मायेपोटी एकदा दिली की उद्या तिला कोण विचारणार? मी बसल्या जागेवरूनच म्हणाले, "सर, पान चुकलंय. वाफ येते." मेलेल्या माणसाची मी निंदाच केली, अशा नजरेनं सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. बाहेर चपला घालताना एक बाई मला ऐकू जाईल इतपतच म्हणाल्या, आज तरी राहू द्यायचं होतं. मला रडू आलं. तिथं नाही, रिक्षात.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. शैलाची मेल्यावरही गेली नाही, ती मला लागली. तिच्याकडं चाललं आणि माझ्याकडं का नाही, हा किडा डोक्यातून जाईना. पिंप तसंच, पंप तसाच, दोन्ही सावलीत. पान पुन्हा पुन्हा वाचलं. शेवटी एका सकाळी उठून तिच्या घरीच गेले. भास्करराव मागच्या अंगणात होते. यंत्र बंद, नळी काढून ठेवलेली. आणि ते हातात तांब्या घेऊन पिंपाभोवती गुंडाळलेल्या पोत्यावर पाणी शिंपडत होते. सगळीकडून, सावकाश, तुळशीला घालावं तसं. मी दारातच थांबले.

"हे काय करताय?"

"काय? पोतं वाळलं होतं."

"कधीपासून करताय हे?"

"पहिल्यापासनं. आमच्या देवगावला उन्हाळ्यात पाण्याच्या भांड्याला ओलं पोतं असतंच की. सकाळ-संध्याकाळ शिंपडायचं, पाणी गार राहतं. त्यात काय सांगायचं?"

"शैलाला माहीत होतं?"

त्यांनी तांब्या पुन्हा भरून घेतला. "पोतं रोज दिसायचंच तिला. बोलली नाय कधी. मीबी नाय बोललो."

मी तिथंच पायरीवर बसले. साऱ्या जगाच्या हाताच्या सवयी हुडकून काढणारी ही बाई, आणि तिच्या स्वतःच्या अंगणात, तिच्या नाकासमोर... तिला हे कळलं असतं तर किती हसली असती, या विचारानं मला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडू फुटलं. भास्कररावांनी तांब्या बाजूला ठेवला आणि मला पाणी आणून दिलं.

घरी येऊन पिंपाला पोतं गुंडाळलं, दोन्ही वेळा भिजवलं. थेंब पडायला लागले, वाफ गेली. पानावर 'पिंपाला पोतं गुंडाळून सकाळ-संध्याकाळ भिजवावं' ही एक ओळ वाढवली आणि लिहिणाऱ्यांत शैलाच्या नावाखाली भास्कररावांचं नाव घातलं. पान तपासायला देवगाव रंगारीच्या कॉलेजातल्या एका सरांकडं गेलं. त्यांनी शैलाला काय, भास्कररावांनाही कधी बघितलेलं नव्हतं, ती गेल्याचंही त्यांना माहीत नव्हतं. दुपारच्या उन्हात त्यांचा फोन आला, "म्याडम, लई बेस चालतंय. हिरवी खूण दिली. लिहिणाऱ्या बाईंना सांगा." सांगते म्हटलं.

भास्कररावांना हे सांगायला परवा गेले होते. पावसाळा लागलाय, अंगण ओलं आहे, यंत्र केव्हाच खोक्यात गेलं. तरी पिंप जागेवर आणि भास्करराव तांब्या घेऊन उभे. म्हटलं, "अहो, आता कशाला? आता काही गार करायचं नाही."

ते पोत्याची घडी नीट करत राहिले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "ताई, पानावर लिहिलंय ना सकाळ-संध्याकाळ. लिहिलंय तेवढंच करतोय."