वलांडीपासून मांडवापर्यंत

तारापूरजवळच्या आमच्या दांडी गावच्या नाटकमंडळीतले दोघं कुठेही भेटले, की चहा निवतो पण किस्से संपत नाहीत. एक जण सांगतो, दुसरा "असं नव्हतंच ते!" म्हणून तेच पुन्हा सांगतो. त्यामुळे होते त्याच्या दुप्पट किस्से झालेत! मी तिथे शाळेत शिक्षिका होते, मूळची सांगलीकडची. एकोणीसशे साठनंतरची ती काही वर्षं मंडळी एक दिवस स्वस्थ बसली नाही, आणि मलाही बसू दिलं नाही.

*

सुरुवात मी येण्याआधीची. किनाऱ्यावर बांबूच्या वलांड्यांवर बायका बोंबील वाळत घालायच्या आणि गाण्यातून एकमेकींना चिडवायच्या. हिराबायचा गळा सगळ्यांत मोठा. एकदा तिनं गाण्यातच सासूची नक्कल केली. शेजारी जाळं शिवत बसलेल्या नारायणतात्यांना राहवलं नाही, त्यांनी सासऱ्याचं उत्तर गाऊन टाकलं! लगेच कुणी नणंद झाली, कुणी दीर. सगळ्यांनी काम टाकून गोल धरला. तेवढ्यात अर्धे बोंबील कावळ्यांनी नेले.

तात्या अजून सांगतात, "बाई, आमचे पयले प्रेक्षक कावले. पोटभर जेवून गेले!"

*

पुढच्या होळीला तात्यांनी ते देवळापुढच्या मांडवात आणलं. पण मांडवात बाईनं उभं राहायचं नाही, असं जुन्या माणसांनी ठरवलं. म्हणून हिराबायचं काम गावातल्याच दामूला मिळालं. दामू मिशी काढायला तयार नाही! नाकापर्यंत पदर ओढून उभा राहिला आणि पहिल्याच गाण्यात अडला. खाली बसलेल्या हिराबायनं ओळ पुरी केली. मग पुढची. मग तिच्या पुढची. हळूहळू सगळा मांडव दामूकडे पाठ करून बसला.

शेवटी दामूनंच पदर फेकला. "हिराबाय, तू वर ये, नायतर मला तरी खाली येऊ दे!"

ती वर गेली. जुनी माणसं कुरकुरली, पण उठून कुणी गेलं नाही. गाणं अर्धं राहिलं असतं ना!

*

मी आले आणि प्रॉम्प्टर झाले. हिराबायकडून ऐकून सगळी गाणी वहीत उतरवली. प्रयोगात तिनं भलतंच म्हटलं! मी पडद्यामागून "नाही, नाही!" करून घसा बसवला. नंतर वही तिच्यापुढे धरली. "हे तुम्हीच सांगितलंत ना?"

"व्हय. पन तवा वारा नव्हता. आज सुटलाय, सगल्यांचं ध्यान होड्यांकडं. त्यांना तेच कसं सांगू?"

तात्यांनी तिथल्या तिथे माझं काम बदललं. "बाई, तुमी आता सांगू नका. ती म्हनंल ते नुसतं लिवा."

*

मग तारापूरला वीजकेंद्राचं काम निघालं आणि बाहेरगावची माणसं आली. त्यांत साताऱ्याकडचा गणपत वेल्डर होता, ढोलकीसकट! तोवर आमचं संगीत म्हणजे पत्र्याचा डबा आणि थाळी. ढोलकीनं नाटकात जीव आला. पण गणपतचा हट्ट, "आधी गण, मग गवळण, मगच काय ते नाटक!"

त्या गण-गवळणीत संध्याकाळ इतकी लांबली की भरती चढली. होड्या सुटतील म्हणून निम्मा मांडव किनाऱ्याकडे पळाला. मागोमाग तात्या, आणि आता सासूचं काम करणारा दामू, साडीतच! कमरेइतक्या पाण्यात होडीचा दोर धरून सासू बोंबलतेय आणि काठावर गणपत सवयीनं ढोलकी वाजवतोय. उमरोळीच्या पाहुण्यांना वाटलं, हाच शेवटचा प्रवेश. टाळ्या थांबेनात!

पुढच्या वर्षी तात्यांनी नाटकात सासूला होडी दिलीच.

*

बोईसरला कामगारांपुढे प्रयोग झाला. निम्मे हिंदी बोलणारे. पहिल्या अंकात कुणी हसलं नाही. तात्या घामाघूम. एकाला विचारलं, तर म्हणाला, "समझ में कुछ नहीं आया. लेकिन सास को फिर से बुलाओ!"

*

आता सातपाटीचा किस्सा. हिराबायचा नवरा रामा. त्यानं बायकोचं नाटक कधी पाहिलं नाही. "घरात ऐकतो तेवढं बस हाय," म्हणायचा. गावात प्रयोग असला की देवळाशेजारच्या घरात दार लावून झोपायचा.

सातपाटीला दुपारचा प्रयोग होता. सकाळपासून वारा फिरलेला, आणि दांडीच्या दोन होड्या परतल्या नव्हत्या. एक रामाची. तात्या म्हणाले, "हिराबाय, नको करू या."

"घरी बसून काय करू?" ती म्हणाली. "हितं निदान उभी तरी राहीन."

शेवटच्या प्रवेशात बायको समुद्राला नवऱ्याची होडी कुठे ते विचारते आणि पडद्यामागून नवरा, म्हणजे तात्या, गाऊन उत्तर देतो. तिनं विचारलं. तात्या गायचं सोडून पडद्याची कड धरून उभे. तिनं पुन्हा विचारलं. तात्या डोळे पुसत होते. माझ्या हातातली पेन्सिल थांबली. मांडवातल्या बायका माना वळवून खाडीकडे बघायला लागल्या.

तिसऱ्यांदा तिनं खाडीकडेच तोंड करून विचारलं.

आणि मांडवाच्या पार मागून उत्तर आलं. बेसूर, पण खणखणीत! रामा. डोक्यापासून पायापर्यंत ओला. वाऱ्यानं दोन्ही होड्या सातपाटीला लागल्या होत्या. त्यानं माणसांतून वाट काढत तिन्ही कडवी म्हटली, एक शब्द न चुकता. हिराबाय बांबूला धरून उभी. डोळे वाहत होते, तरी तिनं तिची पुढची ओळ गायली.

रामा तसाच ठिबकत पडद्यामागे आला.

"तात्या," तो म्हणाला, "दुसरं कडवं तुमी दरवेली चुकता!"